उजव्या हाताची खिडकी

आमच्या गावदेवीला घर नव्हतं तो काळ मी ऐकलेला आहे, घर झालं तो पाहिलेला आहे आणि मंदिर झालं तो भोगलेला आहे. तिन्ही काळांत देवी एकच होती असं गावात सगळे म्हणतात. मी वाद घालत नाही. वयाबरोबर माझी वाद घालायची खोड कमी झाली आहे; मत मात्र जिथल्या तिथे आहे.

त्या वेळी आमच्या सारसोळ्याला कुणी नेरूळचा भाग म्हणत नसे. नेरूळ हे शेजारचं गाव, त्यांची शेतं वेगळी, त्यांची भांडणं वेगळी. आम्ही खाडीचे. गावाबाहेर मिठागरं, मिठागरांपुढे तिवरांचं रान आणि त्यातून खाडीपर्यंत गेलेला मातीचा बांध. बांधाच्या टोकाला करंजाच्या झाडाखाली देवी. मूर्ती नव्हे, तांदळा. म्हणजे नाक-डोळे, हात-पाय काही नसलेला, गुडघ्याएवढा उंच दगड. पिढ्यान् पिढ्या शेंदूर थापून त्याला जाड साल आली होती आणि ती सालही दगडासारखीच खरखरीत होती. हात फिरवला तर तळवा सोलवटायचा.

आमच्या कुठल्याशा खापरपणजोबांच्या जाळ्यात म्हणे तो दगड आला. मासळीऐवजी दगड बघून त्यांनी शिव्या घातल्या आणि परत पाण्यात टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. तिसऱ्या दिवशी पुन्हा आला तेव्हा त्यांनी कान पकडले आणि उचलून बांधावर आणून ठेवला. मग तिचं तोंड कुठे करायचं यावरून गावात जुंपली. नाखवे म्हणाले खाडीकडे, बायका म्हणाल्या गावाकडे. शेवटी मधला मार्ग निघाला: तोंड बांधाला आडवं, उजव्या हाताला खाडी, डाव्या हाताला गाव. नाक-डोळे नसलेल्या दगडाचं तोंड कुठे आहे हे कसं ठरवलं, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा आईने पाठीत धपाटा घातला. त्यामुळे ते आजतागायत मला ठाऊक नाही.

आधी वर नुसतं झाड होतं. मग कधीतरी तिवराचे चार खांब आणि झावळ्यांचं छप्पर आलं. ते दर वर्षी पावसाच्या तोंडावर उतरवून नवं घालायचे. कोणी खांब आणायचं, कोणी झावळ्या, कोणी सुंभ, बायका जमीन सारवायच्या. माझी आई सांगायची, की ते घर दर वर्षी नवंच असायचं, म्हणून त्याला कधी दुरुस्ती लागली नाही.

भिंती आल्या त्या मी डोळ्यांनी पाहिल्या. सत्तरीचं दशक नुकतं लागलं होतं, खाडीवर मोठा पूल होणार अशी बोलणी होती, आणि गावालाही काहीतरी बांधायची हुक्की आली होती. डोंगराकडच्या खाणीतला काळा दगड बैलगाड्यांनी आणला. माझे बाबा आणि माझा काका, दोघं भाऊ, गावातल्या पुरुषांबरोबर खपत होते. माझ्या आजोबांची जुनी होडी मोडीत निघाली होती. तिची डोलकाठी आढं म्हणून वर चढवली आणि तिच्यावर पत्रे टाकले. काठी चढवताना काका वर बसून सुंभाच्या गाठी मारत होता आणि खालून बाबा त्याला सूचना देत होते. तो एकही ऐकत नव्हता. काका म्हणजे घरातलं शेंडेफळ. त्याचं लग्न होऊन दोनेक पावसाळेही झाले नव्हते. काकी खाली उभी राहून त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या धरून होती आणि पदराचं टोक तोंडात कोंबून हसत होती. मला काकीचं हसणं आठवायचं म्हटलं की तेवढंच आठवतं.

भिंती पुऱ्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी काकाने घोळ घातला. खाडीवरून आला, देवीच्या पाया पडायला आत गेला आणि तसाच तणतणत बाहेर आला. "देवीला कोंडून ठेवताव का काय? होड्या बाहेर असल्या की ती कशी बघल?" बाबा म्हणाले, देवीला भिंतीपलीकडचं दिसतं. काका म्हणाला, "मंग दरवाजा तरी कशाला ठेवलाव?" काकाने पहार घेतली आणि उजव्या हाताच्या, खाडीकडच्या भिंतीतले दगड काढायला लागला. बाबा ओरडत राहिले. संध्याकाळपर्यंत तिथे हातभर रुंद भगदाड पडलं. पुढे त्याने होडीच्याच फळ्यांची चौकट करून तिथे बसवली, पण झडप लावली नाही. देवीने डोळा मिटायचा नसतो म्हणाला. आमच्या देवळाची एकुलती एक खिडकी ती अशी झाली.

आता कौलाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. गावाला काही ठरेनासं झालं की देवीला विचारायचं. देवीची पूजा करणारा भगत होता. आम्ही मुलं त्याला भगतआजा म्हणायचो. तो शिंपल्यात खाडीचं पाणी घ्यायचा, दगडाचे दोन्ही खांदे ओले करायचा आणि दोहोंवर तगरीची एकेक कळी चिकटवायचा. नुसत्या पाण्याने. मग गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजव्या खांद्यावरची कळी आधी पडली तर हो, डाव्या खांद्यावरची आधी पडली तर नाही. दोन्ही एकदम पडल्या तर देवीला आज बोलायचं नाही, असं समजून घरी जायचं. खरखरीत दगडावर कळ्या छान धरून राहायच्या. कधी कधी चांगला वेळ लागायचा आणि तोवर कोणी खोकतही नसे.

आमच्या देवीचा आजूबाजूच्या गावांत लौकिक होता, की ती सहसा नाही म्हणत नाही. चैत्रातल्या जत्रेला दुपारचा नैवेद्य झाला की गाऱ्हाणी सुरू व्हायची आणि तेव्हा तर ती फारच उदार असायची. जेवल्यावर कोणाचाही मूड बरा असतो, असं बाबा चेष्टेने म्हणायचे.

त्यानंतरच्या एका नारळी पौर्णिमेनंतर काका मोरा बंदरातल्या मोठ्या मचव्यावर खलाशी म्हणून जायला लागला. खाडीतली मासळी तेव्हापासूनच कमी होत चालली होती. आठ-आठ दिवस तो बाहेर असायचा, आला की सुकट आणि गप्पा घेऊन यायचा. आश्विनात वादळ झालं. मोऱ्याच्या धक्क्यावर बाकीच्या होड्या एकेक करत परत लागल्या. काकाचा मचवा आला नाही. बाबा रोज धक्क्यावर जाऊन बसत होते. पुढे कुठल्याशा लांबच्या किनाऱ्यावर फळ्या मिळाल्या, दोन माणसं मिळाली. काका त्यांत नव्हता.

मेलेल्या माणसाचं काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. न सापडलेल्याचं काय करायचं? गावातली जुनी माणसं आमच्या अंगणात बसली. दहावा घालायचा की नाही? घालावा तर उद्या माणूस दारात उभा राहिला तर काय, आणि न घालावा तर त्याचा जीव अधांतरी. खरा प्रश्न दहाव्याचा नव्हता, तो चुलीपाशी बसला होता. काकीच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, कपाळावर कुंकू होतं. ते ठेवायचं की पुसायचं, एवढंच ठरायचं होतं. शेवटी बाबा म्हणाले, "देवीला इचारू."

जेवणं उरकून सगळे बांधावर गेले. काकीला देवीसमोर बसवलं. भगतआजाने कळ्या लावल्या आणि म्हणाला, "आई, हिचा कुकू ऱ्हाऊ दे का नको, तूच सांग." मी आईच्या पदराआडून बघत होते. बराच वेळ काही झालं नाही. मग उजवी कळी हलली, जरा सरकली आणि पडली. बायका एकदम रडायला लागल्या. काकी रडली नाही. तिने पडलेली कळी उचलली, केसांत खोवली आणि घरी येऊन तांदूळ निवडायला बसली.

देवीचा शब्द एका जत्रेपासून पुढच्या जत्रेपर्यंतचा, अशी आमच्याकडची रीत. म्हणून दर चैत्रात काकी पुन्हा विचारायला बसायची आणि दर चैत्रात उजवी पडायची. सगळ्या गावाला ते जत्रेचाच भाग वाटायला लागलं होतं. पालखी, नैवेद्य, काकीची कळी. मी मात्र आदल्या दिवसापासून काकीच्या मागे मागे फिरायचे. दगडाच्या खांद्यावरच्या एवढ्याशा कळीवर आपल्या घरातल्या बाईचं सगळं आयुष्य टांगलेलं आहे, हे मला त्या वयातही कळत होतं.

मोठी होत गेले तशी मी देवीवर चिडायला लागले. काकीला मूलबाळ नव्हतं. डोक्यावर पाटी घेऊन ती सुकी मासळी विकायला जायची, आमची दुखणीखुपणी काढायची, आणि तिच्या वयाच्या बायका लेकरांना न्हाऊमाखू घालायच्या तेव्हा ती जाळी विणत बसायची. आमच्यात नवरा गेलेल्या बाईचा पाट लावतात, दुसरं लग्न करून देतात, त्यात कमीपणा नाही. तिचा भाऊ एकदा चांगलं स्थळ घेऊन आला होता. सकाळीच आला आणि म्हणाला, चल, आत्ताच देवीला पुन्हा विचारू. काकी भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "देवी जेवल्याबिगर बोलत नाय. जत्रंलाच इचारीन." भाऊ चिडून चहा न घेता निघून गेला. देवीने एकदा, फक्त एकदा डावी कळी टाकावी आणि माझ्या काकीला सोडून द्यावं, असं मी मनातल्या मनात पुष्कळदा म्हटलं. देवीने ऐकलं नाही.

मग ऐंशीचं दशक आलं आणि आमच्या चारी बाजूंना नवं शहर यायला लागलं. शेतं गेली, मिठागरं बुजली. नेरूळला इमारती उभ्या राहिल्या, त्यांना नंबर पडले, मुंबईहून नोकरदार माणसं राहायला आली. ती आमच्या देवीलाही यायला लागली. चांगली माणसं होती, बाहेर चपला नीट जोडून ठेवायची. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, "किती छान ना, अगदी गावासारखं." गावातच उभं राहून कोणी गावासारखं म्हटलं की काय बोलावं ते सुचत नाही. एकीने भगतआजाला विचारलं, "पण देवीचा चेहरा कुठे आहे?" भगतआजा म्हणाला, "बघनाराच्या डोल्यात." त्या हसल्या, पण आमच्या तरुण मुलांना ते लागलं. नव्या शहरात जिथे तिथे शिखरांची मंदिरं होत होती आणि आपली देवी पत्र्याखाली, तीही बिनचेहऱ्याची! मंडळ स्थापन झालं. बाबा अध्यक्ष झाले. पक्कं मंदिर बांधायचं ठरलं.

ठरलं म्हणजे आधी देवीला विचारलं, हे मात्र खरं. जत्रेच्या दुपारी भगतआजाने गाऱ्हाणं घातलं, "आई, पोरं तुला नवा घर बांधतान. मान्य हाय का?" उजवी कळी पटकन पडली. ढोल वाजले. तो त्या दगडाने दिलेला शेवटचा कौल. नव्या घरात तू बोलशील का, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. आम्हाला ते गृहीतच होतं. सून नव्या घरात गेली तर बोलायची थांबते का?

काकीइतका आनंद कोणाला झाला नसेल. पहाटे मासळी विकून यायची आणि मग दिवसभर घमेल्यातून रेती वाहायची. मिस्त्री म्हणायचा, मावशी, मजूर आहेत आपल्याकडे. ती ऐकायची नाही.

मंदिर देखणं झालं हे मी मान्य करते. वर स्लॅब, स्लॅबवर शिखर, पुढे सभामंडप, दाराशी दोन सिंह. जरा मांजरासारखे दिसायचे, पण सिंहच होते. गाभाऱ्याला खालपासून वरपर्यंत पांढऱ्या-निळ्या टाइल्स. दार नव्या रस्त्याकडे काढलं, म्हणजे गाडीतून जाणाऱ्यालाही दर्शन व्हावं. त्यामुळे देवीची पाठ खाडीकडे आली. खिडकी कुठेच नव्हती. धूर जायला मागच्या भिंतीत पंखा बसवला होता. आजोबांची डोलकाठी स्लॅबच्या टेकूला लागली आणि काम संपल्यावर बांबूंच्या गाडीत भरून कुठेतरी गेली. मूर्ती संगमरवरी आली. गोरी, गुळगुळीत, मोठ्या डोळ्यांची, ओठ लालचुटूक. सगळे म्हणाले, आता देवी देवीसारखी दिसते.

जुन्या दगडाचं काय करायचं? भगतआजा म्हणाला, नवीच्या पायाशी ठेवा. प्राणप्रतिष्ठेसाठी बोलावलेले गुरुजी म्हणाले, एका गाभाऱ्यात दोन देव्या नकोत. जुनीचं विसर्जन करायचं असतं. शास्त्र त्यांना ठाऊक, आम्ही कोण बोलणार? बायकांनी ओट्या भरल्या. चौघांनी दगड उचलून होडीत ठेवला. खापरपणजोबांना ती जिथे मिळाली त्या पाण्यात, भर भरतीत, बाबांनी आपल्या हाताने तिला सोडलं. होडी परतली तेव्हा बाबांचे दोन्ही तळवे शेंदराने लाल होते.

पुढच्या चैत्रात नव्या मंदिरातली पहिली जत्रा आली. मांडव, लाऊडस्पीकर, सोसायट्यांमधली माणसं, सगळं होतं. नैवेद्य झाला आणि काकी नेहमीसारखी पुढे येऊन बसली. नवं लुगडं नेसली होती. भगतआजाने शिंपल्यातलं पाणी मूर्तीच्या खांद्यांना लावलं आणि कळ्या चिकटवल्या. हात काढला आणि दोन्ही कळ्या एकदम घसरून खाली आल्या. लोक हसले थोडे. त्याने पुन्हा लावल्या. पुन्हा घसरल्या. संगमरवरावर पाणीच ठरेना, तर कळी कुठून ठरणार? तो पुसून लावी, कमी पाणी घेऊन लावी, तरी तेच. मंडळातला एक मुलगा म्हणाला, "आजा, जरा पीठ लावून चिटकव ना." भगतआजाने त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरकला. "मंग कौल देवीचा का पिठाचा?" म्हणाला. शेवटी त्याने शिंपला खाली ठेवला. "देवी गप हाय," एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला. पुढचा पावसाळा काही त्याने पाहिला नाही.

काकी तशीच बसली होती, मूर्तीच्या त्या मोठ्या डोळ्यांकडे बघत. मागे रांग लागली होती, आणि तिला नक्की काय झालंय हे नव्या माणसांना कुठून कळणार? कोणीतरी म्हणालं, "मावशी, दर्शन झालं असेल तर पुढे सरका." तेव्हा ती उठली. मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्याचा काही दोष नव्हता, पण वाटलं.

बाबांनी त्याच दिवशी चारचौघांत सांगून टाकलं, की देवी नाही म्हणालेली नाही, तेव्हा मागचाच कौल पुढे चालू. काकीच्या बांगड्यांना कोणी हात लावायचा नाही. लोकांनी माना हलवल्या. पण बाबांचं स्वतःचं मन राहिलं नाही. जत्रेचा मांडव निघायच्या आत ते होडी घेऊन खाडीत गेले आणि जिथे दगड सोडला होता तिथे जाळं टाकलं. खापरपणजोबांच्या जाळ्यात ती आपणहून आली होती ना? मग आताही येईल. ओहोटी साधून रोज जायचे. जाळ्यात चिखल यायचा, प्लॅस्टिक यायचं, नव्या इमारतींच्या भरावातली विटांची खापरं यायची. प्रत्येक वेळी जाळं जड लागलं की ते हातातलं सगळं टाकून ओढायचे, आणि वर यायचं ते सिमेंटचं ढेकूळ. खाडी गाळाने भरत आली होती. एवढासा दगड तिने कधीच पोटात घेतला होता. आई म्हणाली, वेड लागलंय तुम्हाला. बाबा म्हणाले, "भावाला आनता नाय आला, निदान तिला तरी आनू दे."

एक दिवस ते रिकामं जाळं गावच्या धक्क्यावर टाकून खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. आयुष्यभर मी त्यांना तेवढंच रडताना पाहिलं. काका गेला तेव्हाही ते रडले नव्हते. तेव्हा कौल होता ना. काकी घरातून आली. थोरल्या दिरापुढे ती कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, पण त्या दिवशी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "दादा, पुरं करा आता," म्हणाली. "ती नाय यायची." घरी आली, हातांना साबण लावला आणि एकेक करून सगळ्या बांगड्या काढून ठेवल्या. फोडल्या नाहीत. मग ओल्या बोटाने कुंकू पुसलं. आई तिचे हात धरत होती, "अगं, देवी कुठे नाही म्हणाली?" काकी म्हणाली, "हां पन नाय बोलली."

मला राग आवरेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मंदिराच्या मागे, बांधावर जाऊन बसली होती. बांध आता अर्धाच उरला होता. मी तिच्याजवळ गेले आणि मनात साठलेलं सगळं बोलून टाकलं. एका दगडाने इतकी वर्षं तुला बांधून ठेवलं, म्हटलं, आणि आता दगड गेला तर तू विधवा झालीस. उजवी काय नि डावी काय, कळीच ती, ओलावा सुकला की पडणारच. तुझी सगळी तरुण वर्षं फुकट गेली.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाय, मना काय अक्कल नाय वाटली तुना? उजवी कली कशानं परायची, मना म्हाईत व्हता."

"कशाने?" मी विचारलं.

"दुपारचा खाडीचा वारा सुटतं. तो खिरकीतून यायचा नि देवीच्या उजव्या खांद्यावर लागायचा. डावीकडं भिंत. मंग उजवीच सुकनार ना आदी? सकालच्या पारी गावाकडचा वारा असतं, तो दारातून डाव्या अंगानं यायचा. सकाली इचारला असता तर डावी परली असती." तिने हातातला तिवराचा पाला चुरगळला. "भाऊ आलता तवा सकालच व्हती."

म्हणजे तिला सुटायचा रस्ता ठाऊक होता. दर वर्षी ती सकाळ जाऊ द्यायची, देवी जेवायची वाट बघायची आणि वारा फिरला की जाऊन बसायची. मी विचारलं, "मग सकाळी का नाही विचारलंस गं? मोकळी झाली असतीस."

"मना मोकला व्हायचा नव्हता," ती म्हणाली. मग खाडीकडे बघत म्हणाली, "खिरकी ह्यांनीच पारली व्हती ना. त्या खिरकीतून वारा यायचा नि हां बोलायचा. देवी बोलली काय नि हे बोलले काय. वरसातून एकदा तरी बोलायचे."

मी तिच्याशेजारी बसले आणि रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तो हात एकदम हलका लागत होता, बांगड्यांवाचून. आमच्या घरातून काका दोनदा गेला. एकदा समुद्राने नेला, त्याला आमचा इलाज नव्हता. दुसऱ्यांदा गेला तो आम्ही सगळ्यांनी मिळून, हौसेने, तिनेच वाहिलेल्या रेतीत भिंत बांधली तेव्हा. बाबांना मी हे कधी सांगितलं नाही. ते दगड शोधत होते. हरवली होती ती खिडकी.

त्यानंतरच्या जत्रेला काकी मंदिरात आली नाही. नैवेद्याचं ताट घेऊन मी तिला शोधत मागच्या बाजूला गेले, तर ती भिंतीला पाठ टेकून बांधावर बसली होती, कपाळ मोकळं, हात मोकळे. खाडीचा वारा सुटला होता. आत आरती सुरू होत होती, स्पीकरवरून सगळ्यांना बोलावत होते. मी म्हटलं, "काकी, चल आत."

"तू जा बाय," ती म्हणाली. "मी बसतंय हितंच. हितं वारा हाय."